हात पुरेपर्यंत

भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत वळलं, धरणाचं पाणी मागं टाकलं आणि घाटाच्या अंगाला चढत गेलं की एक वाडी लागते. खालचे लोक तिला नुसतं 'वरची वाडी' म्हणतात. त्या वाडीत मला आजही 'निळं गुर्जी' म्हणून ओळखतात. शिक्षकाला नाव ठेवणं हा पोरांचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं नाव आधी एका पालकानं ठेवलं आणि मग पोरांनी उचललं. ती पालक म्हणजे हौसाबाई.

मी जुन्नरच्या बाजारपेठेतल्या बोळात वाढलेला माणूस. डोंगर म्हणजे शिवनेरी, आणि तोही घराच्या गच्चीवरून चहा पिता पिता बघायचा, एवढीच माझी डोंगराची तयारी. वरच्या वाडीच्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एक शिक्षक, तो मीच. मे महिन्याच्या अखेरीला घरोघर जाऊन पहिलीची पोरं नोंदवायची असतात. मी एक भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं आणि बूट घालून वाडीवर निघालो. वाटेत भातखाचराच्या बांधावरून घसरून एकदा पडलो. भाषण मात्र शाबूत होतं.

पहिलंच घर हौसाबाईचं. अंगणात एका पोराच्या गळ्याभोवती गोणपाट गुंडाळून ती त्याचे केस कापत होती. मागे तीन पोरं रांगेत बसलेली. यातलं एकही पोर तिचं नाही, हे मला नंतर कळलं. मी खाकरून 'पालकहो' अशी सुरुवात केली. एकट्या बाईला 'पालकहो' म्हणणारा मनुष्य तिनं पहिल्यांदाच पाहिला असावा. तिनं कात्री थांबवली, माझ्या चिखलाच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग हातांकडे.

"गुर्जी, नखं वाढल्यात तुमची," ती म्हणाली. "बसा रांगंत."

मी बसलो. भाषण राहिलं ते राहिलंच.

हौसाबाई तेव्हा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असेल. उंचीनं बेताची, अंगानं काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. कमरेला सुतळीनं बांधलेली एक छोटी कात्री आणि अंबाड्यात अडकवलेली फणी, ही तिची हत्यारं. कुठलंही पोर समोर आलं की आधी नखं, मग कानामागचा मळ, मग शर्टाची बटणं, या क्रमानं ती त्याच्याकडे बघायची. तोंडाकडे सगळ्यात शेवटी. तिचा नवरा किसन मंचरला एका टेम्पोवर होता आणि महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. तो आला की तोही आधी हात पुढं करून नखं दाखवायचा, असं वाडीतले लोक हसून सांगत.

तिचं स्वतःचं पोर शाळेत नव्हतं, तरी शाळेच्या व्यवस्थापन समितीची ती अध्यक्ष होती. बैठकीला दुसरं कुणी आलं नव्हतं म्हणून निवड बिनविरोध झाली, असं तीच सांगायची. पण एकदा झाली म्हटल्यावर तिनं ते पद अंगावर घेतलं ते सरपंचही घेत नाही असं. व्हरांडा शेणानं सारवायला निघाली, तेव्हा तिथं फरशी आहे हे मला दाखवून द्यावं लागलं. मग ती फरशी घासत बसली.

पोर शाळेत घालायचं वय तिच्याकडे तारखेवर ठरत नसे. ते कानावर ठरे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली तर पोर पक्कं, नाही पोचली तर कच्चं. पूर्वी गुरुजीसुद्धा याच मापानं पोरं घेत, हे मी आमच्या वडिलांकडून ऐकलं होतं. पण त्यांच्या लेखी ती गंमत होती. हौसाबाईच्या लेखी तो कायदा होता. होळी झाली की ती वाडीतल्या झाडून सगळ्या बारक्या पोरांना गाठून विचारायची, "हात पुरला का?" पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, कुणाच्या लग्नात. ज्याचा पुरला त्याला गुळाचा खडा. वाडीतल्या पोरांना वाढदिवस ठाऊक नव्हते, पण आपला हात कोणत्या साली पुरला हे मोठी माणसंसुद्धा सांगत.

याची एक मजा झाली. आमचे केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. चांगला माणूस, पण चढ चढून आल्यामुळे तोंडाला फेस आलेला. पहिलीच्या एका पोराला त्यांनी विचारलं, "बाळ, तुझं वय काय?" पोरानं काही न बोलता हात डोक्यावरून नेऊन कान धरला. त्यांनी दुसऱ्याला विचारलं. त्यानंही तेच केलं. मग न विचारताच सगळा वर्ग एका हातानं कान धरून उभा राहिला.  साहेबांनी थोडा वेळ पाहिलं आणि शेरा लिहिला, 'योगाभ्यास स्तुत्य.' मी तो शेरा हौसाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "साहेबांचा पुरतोय का त्ये इचारायचं व्हतं."

आता निळ्या रंगाचं. शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांचं स्वागत करावं, सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक काढावी, त्यांच्या पहिल्या पावलांचे ठसे कागदावर घ्यावेत, अशी पद्धत आहे. बैलगाडी वाडीपर्यंत चढतच नाही, म्हणून मिरवणूक रद्द केली. निदान ठसे तरी झोकात घ्यावेत म्हणून मी कुंकवाच्या पाण्याऐवजी शाळेत शिल्लक असलेला डबा काढला. दारं-खिडक्या रंगवून उरलेला निळा रंग होता तो. तेलाचा. ताटात ओतला, पोरांचे पाय त्यात बुडवले, कागदावर ठसे उठले फार सुरेख. फोटो काढला. मग पोरं कागदावरून उतरली आणि व्हरांड्यातून थेट वर्गात चालत गेली. ओल्या निळ्या पावलांची रांगच्या रांग फरशीवर उमटली आणि वाळली. पोरांचे पाय घोट्यापर्यंत निळे झाले ते पाण्यानं जाईनात, साबणानं जाईनात. शेवटी हौसाबाईनं घरून रॉकेल आणलं, चिंधी आणली आणि एकेक पाय मांडीवर घेऊन पुसत बसली. तोंडानं माझा उद्धार चालू होता. "शाळा सुरू झाल्याली समद्यास्नी दिसावी म्हनून रंगवलीत व्हय पोरं? निळं गुर्जी!" झालं. दुपारच्या सुट्टीपर्यंत ते नाव खालच्या आळीत पोचलं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण ती दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू का घालत होती, हे मला हळूहळू कळलं, आणि ते कळल्यावर हसू जरा कमी झालं.

तिला दोन मुली. थोरली सुवर्णा आश्रमशाळेत, धाकटी रेणू घरी. सुवर्णाच्या वेळेला वाडीच्या शाळेवर शिक्षकच नव्हता, म्हणून तिला पेटी देऊन आश्रमशाळेत पाठवली होती. तारखेनं तिचं वय भरलं होतं, हात काही पुरला नव्हता. एकदा हौसाबाई व्हरांड्याच्या पायरीवर एका पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत बसली होती आणि मी हजेरी भरत होतो. मान वर न करता ती बोलली. सुवर्णा पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा जेवण झाल्यावर आपलं ताट घेऊन उभी राहिली. ठेवायचं कुठं हे तिला समजेना. चपला भिंतीला समांतर लावून ठेवल्या. आणि पहाटे उठून आईच्या अंथरुणापाशी येऊन उभी राहिली.

"मला इचारती, मॅडम, भायेर जाऊ का?" हौसाबाई म्हणाली. "मला. मॅडम." ती हसली. मग उवांच्या फणीवर नख मारत राहिली. "अभ्यासात लई हुशार हाय हां. त्यांची चूक न्हाई. तिथं दोन टायमाला जेवाया हाय, गादी हाय. पन पोर पावनी झाली, गुर्जी. पावनी आल्यावानी येती अन् पावनी आल्यावानी जाती."

मी हजेरीतली एक ओळ दुसऱ्यांदा भरली. 

तर रेणूनं चौथीपर्यंत वाडीतच शिकावं, घरी जेवून शाळेत जावं, शाळेतून घरी येऊन आईशेजारी निजावं, एवढं हौसाबाईला हवं होतं. ती स्वतः त्याच दोन खोल्यांत चौथीपर्यंत शिकलेली. त्यासाठी शाळा चालू राहायला हवी होती, आणि शाळा चालू राहायला पट, म्हणजे हजेरीवर पुरेशी नावं, हवा होता. पट घसरला की छोटी शाळा खालच्या मोठ्या शाळेत मिसळणार, हे दरवर्षी कानावर येत होतं. म्हणून हौसाबाई वाडीतलं प्रत्येक पोर जूनमध्ये धुऊनपुसून शाळेच्या दारात उभं करत होती.

उन्हाळ्यात वाडीतली निम्मी घरं खाली उतरत. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला, बेल्ह्याकडे कांदा काढायला. पोरं बरोबर. शाळा उघडायची वेळ आली तरी काम संपलेलं नसे, की पोरं तिकडंच. एका वर्षी हौसाबाई म्हणाली, गुर्जी, गाडी काढा, पोरं घेऊन येऊ. माझ्या मोटरसायकलवर ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि गाडीचं काही न धरता माझी कॉलर धरून बसली. डिंभ्यापासून मंचरपर्यंत माझा गळा आवळलेला होता. खड्डा आला की मी निळा पडत असेन, नावाला जागत.

नारायणगावच्या पुढं एका टोमॅटोच्या शेतात आम्ही वेगवेगळे झालो. बांधाला कडुनिंबाखाली बरेच मजूर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभं राहून बालकाच्या शिक्षणाच्या हक्काबद्दल बोललो. त्या दिवशी मी खरोखर चांगलं बोललो. लोक एकाग्र होऊन ऐकत होते. शेवटी त्यांचा मुकादम उठला आणि म्हणाला, सगळं पटलं साहेब, पण तुमच्याकडे दिवसाची हजेरी काय देणार तेवढं सांगा. ती टोळी मराठवाड्यातून आली होती. आमच्या वाडीचे लोक शेताच्या पलीकडच्या टोकाला होते.

तिथं हौसाबाई आणि कमल समोरासमोर उभ्या होत्या. कमल तिच्या शेजारच्याच घरातली, तिचा मुलगा दुसरीत जायचा होता. तो क्रेटवर बसून सडका टोमॅटो फोडत होता.

"न्हेशील गं," कमल म्हणत होती. "खायाला कोन घालनार? आमी काय दिवाळीपरयंत वर येत न्हाई."

"माझ्या चुलीला कुलूप हाय का?"

कमलनं टोमॅटो भरायचं थांबवलं नाही. "तुला तुझ्या रेणूसाठी शाळा पायजे, हौसे. आमची पोरं आपली भरतीला."

 मला वाटलं आता भांडण पेटणार. पण हौसाबाईनं खाली वाकून त्या पोराची नखं पाहिली आणि कमरेची कात्री सोडली.

"व्हय," ती नखं कापत म्हणाली. "रेणूसाठीच पायजे. पन तुझं पोरगं शिकलं तर तुझं काय जाईल?"

 कमलनं पोराचे कपडे एका पिशवीत कोंबून दिले. त्या वर्षी दिवाळीपर्यंत हौसाबाईच्या घरात परक्या पोरांच्या पंगती उठत होत्या. किसन एकदा आला आणि आपलंच ताट शोधत फिरला.

पुढच्या वर्षी रेणूचं वय तारखेनं भरलं. मी आनंदानं सांगायला गेलो. हौसाबाईनं रेणूला बोलावलं, तिचा हात डोक्यावरून नेला. पोर अंगानं बारीक, हात आखूड. बोटं कानाच्या वर थांबली.

"न्हाई पुरत," ती म्हणाली. "फुडल्या वर्षी."

मी म्हटलं, हौसाबाई, आधारवर वय भरलंय, पटाला एक आकडा वाढेल. ती म्हणाली, आधाराला काय कळतंय. मी पुन्हा समजावलं. कानाचं आणि अकलेचं काही नातं नसतं, हेही बोलून गेलो. ती उखडली नाही. तिनं रेणूचा हात खाली घेतला आणि हळू सांगितलं, "सुवर्णाला मी कच्ची धाडली, गुर्जी. हात पुरला नव्हता. तवा तुमच्यासारखाच एकजन म्हनला, तारखेनं बसतंय." मग मी वाद सोडला. तिच्याशी वादात मी एकदाही जिंकलो नव्हतो. त्या खेपेला जिंकायची इच्छाही झाली नाही.

उलट दोन पोरं अशी होती की त्यांचे हात लांब. त्यांचा हात कानाला पुरला म्हणून हौसाबाईनं त्यांना आंघोळ घालून वर्गात आणून बसवलं होतं, पण तारखेनं ती लहान. ती वर्गात बसत, गाणी म्हणत, खिचडी खात. पटावर मात्र ती नव्हती.

त्यात आधारचं शिबिर झालं, कारण आधार नसलेलं पोर मोजणीत धरत नसत. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन एक मुलगा वाडीत आला. करवंदांचे दिवस. पोरांच्या बोटांना करवंदाचा चीक आणि त्यावर धूळ, असा थर बसलेला. यंत्राचा दिवा लालच लागायचा. हौसाबाई चुलीतली राख आणून एकेका पोराची बोटं घासत होती. घासून लाल झालेल्या बोटांनाही यंत्र लालच दिवा दाखवत होतं. शेवटी यंत्रवाला म्हणाला, बाई, राख अजून बारीक चाळून घ्या, आणि बोट पार कोरडं करा. मग रेणूसकट निम्म्या पोरांचे ठसे बसले. कशी राख लागते, बोट किती कोरडं करायचं, हे तिनं तेव्हा पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढची होळी झाली आणि रेणूचा हात पुरला. हौसाबाईनं वाडीभर गूळ वाटला. माझ्याकडं खोलीवर येऊन मूठभर खडे ठेवून गेली. रेणू दारात उभी राहून पुन्हा पुन्हा कान धरून दाखवत होती. जूनची तयारी हौसाबाईनं त्याच दिवशी सुरू केली. जुन्या साडीचं दप्तर शिवलं, सुवर्णाचा लहानपणीचा फ्रॉक उसवून लहान केला.

मे महिन्यात कळलं की शाळा मिसळली.

आम्ही खाली तालुक्याच्या गावी कचेरीत गेलो. हौसाबाईनं पटावरची आणि पटाबाहेरची झाडून सगळी पोरं घेतली होती, न्हाऊन, तेल लावून, भांग पाडून. कचेरीच्या व्हरांड्यात तिनं त्यांना ओळीनं उभं केलं आणि आतल्या साहेबांना बाहेर बोलावलं. "मोजा," ती म्हणाली.

साहेबांनी खरंच मोजली. भला माणूस होता, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. म्हणाले, पोरं मला दिसतायत हो बाई, पण सिस्टीममध्ये कमी आहेत.

"मग शिस्टीमला एकदा वाडीत घेऊन या. भाकर खाऊ घालते," हौसाबाई म्हणाली.

साहेब हसले. मग समजुतीच्या आवाजात त्यांनी सांगितलं, "जास्त नाही हो, एकच कमी पडलं. गेल्या साली मोजणीला एक नाव जरी जास्त असतं तरी निभावलं असतं."

रेणू आईच्या पदराला धरून उभी होती. मी दुसरीकडे पाहिलं. हौसाबाईनं नाही. तिनं रेणूकडेच पाहिलं, बराच वेळ.  परतीच्या एस.टी.त घाट लागल्यावर तिनं पोरीचा उजवा हात उचलून डोक्यावरून नेला, कानाला लावला आणि परत खाली ठेवला. "आता पुरतोय," एवढंच म्हणाली.

मला जुन्नरच्या जवळची मोठी शाळा मिळाली. फाटक आहे, घंटा आहे, शिपाई आहे. घराजवळ बदली झाली म्हणून आमच्या बोळात पेढे वाटले गेले. वाटले गेले म्हणजे मीच वाटले. वाडीच्या पोरांना खालच्या शाळेत न्यायला गाडी येणार होती. गाडी येईल असं पत्र आलं, गाडी आली नाही. पायवाट धरावी तर मधे पावसाळ्यात ओढा. कमलनं तिचा मुलगा नारायणगावलाच ठेवला. कुणी मामाकडे गेला, कुणी शाळेतच गेला नाही. हौसाबाईनं तिचं घर तसंच चालू ठेवलं असतं, पण त्या घरात आता पोरंच नव्हती.

जूनमध्ये तिचा फोन आला. "गुर्जी, पेटीवर नाव घालाया या."

मी गेलो. ब्रश होता, रंग नव्हता. हौसाबाईनं कमरेची किल्ली काढली. शाळेची किल्ली अजून तिच्याकडेच होती, कुणी मागायला आलं नव्हतं. कुलूप उघडून आम्ही व्हरांड्यात शिरलो. फरशीवर धूळ होती आणि धुळीखाली निळी पावलं. छोटी छोटी, एकामागे एक, बंद दाराकडं गेलेली. ती त्यांवरून चालली नाही, कडेनं गेली. मीही कडेनं गेलो. आत तोच डबा होता.

पेटीवर मी 'रेणुका किसन, वरची वाडी' असं लिहिलं. माझा हात जड, रंग रॉकेल घालून पातळ केलेला. 'का'चा काना ओघळून खाली 'वाडी'पर्यंत आला. हौसाबाई बघत होती. "निळं गुर्जी," ती म्हणाली, "येवढं तरी नीट करायचं व्हतं." त्यात पूर्वीची मजा नव्हती. मी चिंधीनं ओघळ पुसला, तर तो अजून पसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आश्रमशाळेच्या एस.टी. थांब्यावर त्यांना भेटलो. पेटी मी घेतली. रेणू तर अशी चकचकीत होती की बघवत नव्हतं. दोन घट्ट वेण्या, नव्या रिबिनी, कानामागं एक रेघ मळाची नाही. तिच्या बोटांची टोकं गुलाबी झाली होती. पहाटेच बारीक राखेनं घासून काढलेली. सवय. पोर कुठंही न्यायचं असो, हौसाबाई तयार करूनच नेणार.

थांब्यावरच्या कट्ट्याशी तिनं पोरीला उभं केलं आणि खाली बसून तिच्या डोळ्यांत बघत बोलली. मी पेटी धरून बाजूला होतो, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं.

"हात पुरवायचा न्हाई. बोटं हितं, कानाच्या वर थांबवायची. कळलं?"

"पन पुरतोय की, आये."

"पुरतोय त्ये आपल्याला ठावं. त्यांना कशापायी?"

मग मला म्हणाली, "बारकी हाय म्हनत्याल, फुडल्या वर्षी आना म्हनत्याल. पोरीचं शिक्षान मी न्हाई बुडवत, गुर्जी. शिकवायचीच हाय. पन एक वरीस तरी घरात निजंल. मग मलाबी काय म्हनायला जागा ऱ्हानार न्हाई."

तिथं आता कान कुणी बघत नाही, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ती म्हणाली, तुमालाच ठावं.

आश्रमशाळेच्या ऑफिसात बरीच गर्दी. आई-बाप, पेट्या, रडणारी पोरं, आणि त्यांना गप्प करणाऱ्या मोठ्या मुली. सुवर्णा त्यांतच होती. तिनं आईला पाहून मान हलवली आणि रांग सोडली नाही. आमचा नंबर आला. टेबलामागं एक तरुण मुलगा, समोर संगणक आणि ठशांचं छोटं यंत्र. त्यानं नाव विचारलं, टाइप केलं. हौसाबाईनं रेणूच्या पाठीला बोट लावलं.

रेणूनं उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं कानाच्या वर आणली आणि थांबवली. तिला थांबवायला कष्ट पडत होते, कारण हात खरोखर पुरत होता.  चेहरा मात्र पाठ म्हणणाऱ्या पोरासारखा.

"बघा की सायेब," हौसाबाई म्हणाली. "पुरत न्हाई अजून."

त्या मुलानं संगणकावरून मान वर केली नाही. त्यानं हात लांब केला, रेणूचा डोक्यावरचा हात धरून खाली आणला आणि तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. "दाब," तो म्हणाला.

पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला.

"बसलं," मुलगा म्हणाला. "पुढचे या."

हौसाबाई त्या दिव्याकडे बघत उभी राहिली. मागच्या बाईनं पेटी पुढं सरकवली तेव्हा ती बाजूला झाली. तिनं अंबाड्यातली फणी काढली आणि रेणूचा भांग पुन्हा पाडला. तो वाकडा झालेला नव्हता. मग फणी रेणूच्या दप्तरात घातली, कमरेची कात्री सोडून तीही घातली, आणि पदर सारखा करून फाटकाकडे चालू लागली. मागं वळली नाही.

मोठ्या मुलींनी रेणूला पहिलीच्या रांगेत नेऊन उभं केलं. मी फाटकातून पाहिलं तर रांगेतल्या सगळ्या पोरी हात खाली सोडून उभ्या होत्या. रेणूचा उजवा हात तेवढा परत डोक्यावर गेला होता. बोटं कानाच्या वर थांबलेली. आईनं हात खाली घ्यायला सांगितलं नव्हतं.